वूफरचा बॉक्स: सुताराकडून बनवावा की तयार घ्यावा?

साक्रीहून वूफर घ्यायला माणूस धुळ्याला जातो, बेत मोठा असला तर सुरतेला. दुकानात दोन तास वॉट, कंपनी आणि मॅग्नेटच्या वजनावर बोलणं होतं. बॉक्सबद्दल मात्र एकही प्रश्न विचारला जात नाही. मीही विचारला नव्हता. काळ्या कारपेटचा, चकचकीत जाळीचा तयार बॉक्स उचलून आणला आणि अंगणात गाडी उभी करून गाणं लावलं. शेजारच्या आजोबांनी ओट्यावर बसल्या बसल्या निकाल दिला, "डबा बोली ऱ्हायना, गानं नही." त्यांचं खरं होतं. ढोल वाजो, संबळ वाजो की बॅन्डचा बेस, बॉक्समधून एकच सूर निघत होता. पुढे साक्रीतल्याच एका सुताराकडून त्याच वूफरला दुसरा बॉक्स करून घेतला. तेव्हा कळलं, वूफर पहिल्यापासून चांगलाच होता.

म्हणून ही यादी. बनवा किंवा विकत घ्या, पण आतली हवा मोजल्याशिवाय पैसे मोजू नका.

आधी हे ठरवा

करा: वूफरच्या खोक्यातला कागद फेकू नका, वाचा. जेबीएल, पायोनियर यांसारख्या कंपन्या त्या कागदावर बॉक्सचं आतलं माप लिटरमध्ये किंवा घनफुटात छापतात. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. साधारण १२ इंची वूफरला बंद बॉक्स १ घनफुटाच्या आसपास लागतो, पोर्टचा, म्हणजे हवेसाठी पाइप ठेवलेला, लागतो पावणेदोन ते दोन घनफूट. १० इंचीला बंद बॉक्स ०.६ ते ०.७ घनफुटात भागतो. हे अंदाज झाले. तुमच्या वूफरच्या कागदावर जे लिहिलं असेल तेच शेवटचं.

हे माप इतकं का महत्त्वाचं, ते नळाखाली घागर भरताना कळतं. घागर रिकामी असते तेव्हा आवाज जाड येतो. पाणी चढत जातं, आतली हवा कमी होते, तसा आवाज बारीक होत जातो. बंद बॉक्सही काहीसा असाच वागतो. आतली हवा वूफरच्या कोनला मागून स्प्रिंगसारखी धरून ठेवते. हवा कमी पडली की ही स्प्रिंग कडक होते, खालचे सूर दबतात आणि मधलाच एखादा सूर फुगून वर येतो. आजोबांना ऐकू आला तो हाच. या स्प्रिंगचा जाणूनबुजून उपयोग करणारा स्पीकर अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये आणला. बॉक्सचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. वूफरच्या कागदावर जे क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे दिसतात ते त्याच गणितातले.

ज्यांना आकडेमोड आवडते त्यांच्यासाठी एक उदाहरण. समजा क्यूटीएस ०.५ आहे आणि व्हीएएस ४० लिटर. बंद बॉक्स ४० लिटरचा केला तर एकूण क्यू ०.७ येतो आणि आवाज सर्वांत सपाट, स्वच्छ राहतो. २० लिटरचा केला तर क्यू ०.८७ होतो. बेस जरा ठसठशीत, पण चालण्यासारखा. १० लिटरमध्ये कोंबला तर १.१ च्या वर जातो आणि धमधम सुरू होते. वूफर तोच, अ‍ॅम्प तोच.

टाळा: "कोणताही १२ इंची कोणत्याही १२ इंची बॉक्समध्ये बसतो" हे वाक्य. बसतो खरा, पण भोकात. हवेत बसेलच असं नाही.

करा: आपण काय ऐकतो याचा विचार करा. अहिराणी गाणी, बॅन्डचे रेकॉर्डिंग, भजन, जुनी हिंदी गाणी असं सगळं मिळून-मिसळून ऐकणाऱ्याला बंद बॉक्स बरा. त्यात ढोलाची थाप पडते आणि तिथेच थांबते, लोंबत राहत नाही. नुसता दणका हवा असेल, गाडीत जागा असेल आणि गणित पाळायची तयारी असेल, तरच पोर्टकडे वळा.

माझं मत विचाराल तर असं: बंद बॉक्स साक्रीतच सुताराकडून बनवावा. पोर्टचा हवा असेल तर त्याच वूफरसाठी कंपनीने बनवलेला तयार घ्यावा. आणि लहान गाडीत डिक्की रोज लागत असेल तर दोन्हीचा नाद सोडून सीटखाली बसणारा, अ‍ॅम्पसकटचा ८ इंची वूफर घ्यावा.

तयार घेताना

करा: दुकानात मेजरिंग टेप घेऊन जा. लाज वाटू देऊ नका. वूफरच्या भोकातून हात घालून आतली लांबी, रुंदी, उंची मोजा. तिन्हींचा इंचातला गुणाकार करून १७२८ ने भागा, घनफूट मिळाले. मागची बाजू तिरकी असेल तर वरची आणि खालची खोली यांची सरासरी धरा. आलेल्या आकड्यातून वूफरच्या मागच्या भागाची जागा वजा करा. १२ इंचीसाठी ती साधारण ०.१ घनफूट असते.

टाळा: बाहेरून मोजणं. बाहेरून १६ बाय १४ बाय १२ इंचाचा बॉक्स दीड घनफुटाच्या वर वाटतो. १८ मिलीमीटरचे बोर्ड धरले तर आत उरतात जेमतेम १.१ घनफूट. वूफर बसला की राहिला १.

करा: बॉक्स उचलून पाहा. वर दिलेल्या मापाचा १८ मिलीमीटर एमडीएफचा रिकामा बॉक्स दहा किलोच्या आसपास भरतो. एका हातात फुलासारखा उचलला गेला तर बोर्ड पातळ आहे किंवा भुशाचा आहे. भोकाच्या कडेला बोर्डाची कापलेली धार उघडी दिसते, तिथे नखाने कोरून बघा. दाणे सुटून आले तर तो भुशाचा पार्टिकल बोर्ड. माझ्या पहिल्या बॉक्सची धार अशीच होती. एका पावसाळ्यात डिक्कीच्या रबरातून पाणी उतरलं आणि खालचा कोपरा भिजलेल्या खारीसारखा फुगला.

करा: बॉक्सच्या मधोमध मुठीने ठोका. ठक्क आवाज आला तर बरा, ढब्ब आला तर बोर्ड स्वतःच वाजणार.

टाळा: निळ्या दिव्यांचे, आरपार काचेचे बॉक्स. दिव्यांचे पैसे लाकडातून कापलेले असतात.

टाळा: बॉक्सवरच्या स्टिकरचा वॉट. १००० किंवा २००० लिहिलेलं असलं तरी कामाचा आकडा आरएमएस वॉटचा, आणि तो वूफरच्या कागदावर असतो. बॉक्सला वॉट नसतात.

बनवून घेताना

करा: सुताराला कामाचं स्वरूप आधीच नीट सांगा. दाराची चौकट अर्धा सूत इकडेतिकडे चालून जाते. इथे फट चालत नाही, कारण या लाकडात हवा कोंडायची आहे. चांगला मिस्तरी हे एका वाक्यात समजतो. माझ्या मिस्तरीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं." अगदी तसंच.

करा: बोर्ड १८ मिलीमीटरचा घ्या, सुताराच्या भाषेत सहा सुताला जरा कमी. एमडीएफ की प्लाय यावर वाद आहेत. एमडीएफ गुळगुळीत, घट्ट, स्वतः कमी वाजतो आणि स्वस्त पडतो. त्याचा शत्रू पाणी. पिंपळनेर, कोंडाईबारीकडे पाऊस जास्त असतो. तिकडच्या माणसाने किंवा ज्याच्या डिक्कीत दुधाच्या किटल्या, भाजीचे क्रेट जातात त्याने प्लाय घ्यावा. प्लायवर आयएसआयचा शिक्का पाहा. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर पुरतो, आयएस ७१० हा मरीन प्लाय आणखी टिकाऊ. आतल्या थरांत पोकळी नसलेला तुकडा निवडा, पोकळी असली की तिथे पत्र्यासारखी घरघर होते.

टाळा: अख्खी शीट घेणं. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फूट असते. वरच्या मापाच्या बॉक्सला सहा बाजू मिळून साधारण ८ चौरस फूट लागतात, पुढची बाजू दुहेरी केली तरी १० च्या आत. प्लायवूडच्या दुकानात कापून उरलेले तुकडे असतात, ते मागा. दुकानात कटिंग मशीन असेल तर सहाही तुकडे तिथेच सरळ कापून घ्या. बॉक्सची निम्मी फट हाताच्या करवतीने तिरक्या गेलेल्या कापातून येते.

करा: आधी पुठ्ठ्याचा बॉक्स करून डिक्कीत ठेवून बघा. डिक्कीचं दार लागतं का, मागची सीट मागे जाते का, स्टेपनी निघते का, हे पाचच मिनिटांत कळतं. पुठ्ठा साक्रीत कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. लाकूड एकदा कापलं की वाढत नाही.

करा: प्रत्येक सांध्याला फेविकॉल भरपूर लावा आणि स्क्रूही मारा, साधारण ५-६ इंचांवर एक. एमडीएफच्या कडेला आधी बारीक ड्रिल केल्याशिवाय स्क्रू मारला तर बोर्ड मधून चिरतो. नुसत्या चुका मारून काम उरकू देऊ नका. खानदेशात मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान ६० अंशांपर्यंत चढतं. त्या उष्णतेत साधा पांढरा गोंद मऊ पडतो, तेव्हा सांधा स्क्रूच धरून ठेवतात. फेविकॉल लावल्यावर रात्रभर हात लावू नका.

करा: पुढची बाजू दुहेरी, म्हणजे ३६ मिलीमीटर. सगळा मार तिथेच बसतो. बॉक्स मोठा असेल तर आत समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडणारी एक दांडी टाका आणि तिची जागा हवेतून वजा करा.

करा: आतून सगळ्या सांध्यांवर भुसा आणि फेविकॉलची लुगदी बोटाने दाबून फिरवा. सिलिकॉन वापरलंत तर वूफर बसवण्याआधी पूर्ण दिवस उघडं ठेवा. आंबट वास येतो ती वाफ वूफरच्या चिकटवलेल्या भागांना बाधते.

टाळा: भोक अंदाजाने पाडणं. १२ इंची वूफरचं भोक १२ इंचाचं नसतं, ११ च्या आसपास असतं. कागदावरचं कटआउटचं माप घ्या, नाहीतर वूफर आत पडेल.

पोर्टबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर वूफर हातचा जातो. शेतातल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा लावला आणि पोर्ट झाला, असं होत नाही. ५६ लिटरच्या बॉक्सला आतून ४ इंच व्यासाचा पाइप लावून ३५ हर्ट्झला सूर बांधायचा असेल तर पाइपची लांबी साधारण २८ सेंटिमीटर लागते. तोच पाइप १५ सेंटिमीटरवर कापला तर सूर ४४ हर्ट्झवर जातो. बांधलेल्या सुराच्या खाली गेलं की वूफरला मागून हवेचा आधार राहत नाही. कोन सैल सुटून थडथड आपटू लागतो आणि कॉइल जागा सोडते. म्हणून पोर्टच्या बॉक्सला अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर बांधलेल्या सुराच्या जरा खाली लावलाच पाहिजे. पाइपचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून किमान पाइपच्या व्यासाइतकं लांब ठेवा. पाइप फार अरुंद घेतला तर फुसफुस ऐकू येते. हे सगळं पाळणं जमणार नसेल तर पोर्ट करू नका. बंद बॉक्स मापात थोडा चुकला तरी सांभाळून घेतो, पोर्ट घेत नाही.

करा: बंद बॉक्समध्ये थोडा फायबर भरा, गादी-उशीवाल्याकडे मिळतो तो. तो सैल भरल्यावर बॉक्स आहे त्याहून जरा मोठा असल्यासारखा वागतो.

टाळा: कापूस. घरात आहे म्हणून भरण्याचा मोह आपल्या भागात होतोच. कापूस ओल धरतो, दबून खाली बसतो आणि उंदरांना बोलावतो. पोर्टच्या बॉक्समध्ये तर सुटं काहीच भरू नका, पाइपच्या तोंडाशी ओढलं जातं.

करा: उदबत्तीची परीक्षा. बॉक्स बंद झाला, वूफर आणि टर्मिनल बसले की मध्यम आवाजात लांबट बेसचं गाणं लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून हळू फिरवा. धूर जिथे फरफरतो तिथे फट. टर्मिनलच्या कडा विसरू नका, फट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

करा: एमडीएफ कापताना, घासताना तोंडाला रुमाल नाही, मास्क. ते काम धान्याच्या खोलीजवळ नको.

कारपेट, रेक्झिन, सनमायका काय लावायचं ते तुमच्या आवडीवर. आवाजाला फरक पडत नाही.

गाडीत बसवताना

करा: बॉक्स गाडीला बांधा. वूफरसकट बॉक्स पंधरा किलोच्या वर जातो. अचानक ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवरच्या मुलाच्या पाठीत येतो. एल पट्टी आणि नटबोल्ट लावा, किंवा जाड पट्ट्याने हुकांना कसून बांधा.

टाळा: खाली काय आहे ते न पाहता डिक्कीच्या तळाला ड्रिल. पेट्रोलची टाकी आणि पाइप तिथेच असतात.

टाळा: स्टेपनीवर कायमचा बॉक्स. कोंडाईबारी घाटात रात्री पंक्चर झालं आणि स्टेपनी काढायला आधी सहा नट उघडावे लागले की मग समजतं. मागून ट्रक येत असतात आणि हातात टॉर्च मोबाइलचा असतो.

करा: सीएनजी गाडीत जास्त काळजी. ६० लिटरच्या टाकीनंतर डिक्कीत उरते ती वेडीवाकडी जागा, म्हणून इथे तयार बॉक्स बसत नाही आणि सुतारच लागतो. पण बॉक्स टाकीच्या पट्ट्यांना बांधू नका, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे, वायर गॅसच्या नळीला चिकटवून नेऊ नका. टाकी हायड्रो टेस्टसाठी ठरलेल्या मुदतीत काढावी लागते, तेव्हा बॉक्स सहज निघेल असा ठेवा.

करा: बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. ३०० वॉट आरएमएसचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्या आणि ४० अँपिअरचा फ्यूज लावा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. टोक चाकूने खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या. फ्यूज नसलेली वायर कुठे दरवाजाच्या पत्र्याला घासली तर गाडी पेटते. यात पैसे वाचवू नका.

करा: अर्थची वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बोल्टने कसा.

करा: विमा कंपनीला कळवा. कंपनीने न बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत आयएमटी २४ खाली वेगळी नोंदवता येते, थोडा जादा हप्ता पडतो. नोंद नसेल तर चोरीनंतर तिचे पैसे मागता येत नाहीत.

वाजवताना

टाळा: अ‍ॅम्पवरचा गेन आवाजाचं बटण समजून पूर्ण फिरवणं. आधी स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, मग गेन हळू वाढवा, आवाज फाटायला लागला की मागे या आणि तिथेच सोडा. कॉइल जळतात त्या बऱ्याचदा फाटलेल्या आवाजाने.

करा: लो पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास. बेस पुढच्या स्पीकरच्या विरुद्ध जातोय असं वाटलं तर वूफरच्या दोन वायरी उलट करून पाहा. ज्या बाजूने भरीव वाटेल ती बरोबर.

टाळा: साक्रीतून जाताना काचा खाली करून पूर्ण आवाज. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मानकं मोडणाऱ्या वाहनासाठी पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. कायदा बाजूला ठेवा. पोळ्याच्या दिवसात रस्त्याने सजवलेले बैल चाललेले असतात. त्यांच्याजवळ गाडी येताना आवाज बंद करा. बुजलेला बैल कुणालाही आवरत नाही.

करा: मागच्या सीटवर लहान मूल असेल तर आवाज निम्म्यावर. १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं बसणं हीच मोठ्या माणसाच्या कानाची दिवसभराची मर्यादा मानली जाते.

गाडी विकताना

बॉक्स काढून ठेवा. गाडीच्या भावात तो कुणी धरत नाही. पुढच्या गाडीत तो बसेल किंवा नाही, पण वूफर बसेल, आणि त्याला पुन्हा तेवढीच हवा लागेल. म्हणून बॉक्स बंद करण्याआधीच मिस्तरीच्या पेन्सिलीने आतल्या फळीवर लिहून ठेवा: कोणता वूफर, आतून किती लिटर, भोक किती इंचाचं, बोर्ड कोणता, कोणत्या महिन्यात केला. माझ्या फळीवर त्याखाली मिस्तरीने स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली आहे, "फट नाही."